पॅट्सी क्लाइनचं ‘क्रेझी’: बँड वाजवून गेला, आवाज नंतर आला

विरहाचं गाणं चांगलं झालं की लोक एक वाक्य ठरलेलं टाकतात, काय काय सोसलं असेल बाईनं तेव्हा कुठे असा आवाज लागला. पॅट्सी क्लाइन ह्या अमेरिकन कंट्री गायिकेच्या ‘क्रेझी’बद्दल तर हे जास्तच ऐकू येतं, कारण रेकॉर्डिंगच्या दोन महिने आधी तिचा भयंकर अपघात झालेला, स्टुडिओत ती कुबड्या घेऊन आली, कपाळावर ताजा व्रण, मग काय, अंग दुखतंय, मन दुखतंय आणि गाणंही दुःखाचं, सगळं कसं बरोबर जुळून येतं. पण त्या रेकॉर्डिंगमध्ये आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे ओळीनं लावून बघितलं तर उलटंच दिसतं. दुखत होतं तोवर तिला ते गाणं गाताच आलं नाही. दुखणं उतरल्यावर परत आली आणि एका टेकमध्ये, म्हणजे एकाच रेकॉर्डिंगमध्ये सलग, गाऊन गेली.

मी एक छोटा स्टुडिओ चालवतो, भावगीतं, अभंग, कधी शाळांची समूहगीतं असं काम असतं, आणि हे प्रकरण मला इतकं जवळचं आहे की कोणी नवीन मुलगा किंवा मुलगी रेकॉर्डिंग शिकायला आली की माईक कुठला घ्यावा ह्याच्या आधी मी त्यांना हे सांगतो. म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतोय, कुठे कुठे निर्णय घ्यावा लागला आणि तो तसाच का घेतला असेल ह्यासकट.

पार्श्वभूमी

पॅट्सी १९३२ ची, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या विंचेस्टर गावची, खरं नाव व्हर्जिनिया पॅटरसन हेन्सली. १९५७ मध्ये टीव्हीवरच्या एका टॅलेंट शोमध्ये ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ गायली, ते गाणं कंट्रीत, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या ढंगाच्या गाण्यांत, चाललं, पॉपमध्येही चाललं, आणि मग तीन वर्षं जवळजवळ शुकशुकाट. आवाज तोच, गाणारी तीच, मग बिघडलं कुठे, तर करारात. तिच्या पहिल्या कंपनीशी जो करार होता त्यात अट अशी की कंपनीच्या हातातलीच गाणी गायची, बाहेरच्या कुणाचं कितीही सुंदर गाणं कानावर पडलं तरी ते रेकॉर्ड करायचं नाही. १९६० मध्ये हा करार संपला आणि ती थेट डेका रेकॉर्ड्सकडे आली. ‘क्रेझी’ दोन वर्षं आधी तिच्यासमोर आलं असतं तर तिला ते गाताच आलं नसतं, एवढं साधं आहे हे. गाण्याची कहाणी सांगताना लोक हा कागदाचा भाग गाळतात, मला तो आधी सांगावासा वाटतो.

प्रोड्यूसर मात्र पहिल्यापासून ओवेन ब्रॅडलीच. हा स्वतः पियानो वाजवणारा, डान्स बँड चालवलेला माणूस. ह्यानं आणि धाकटा भाऊ हॅरल्ड ह्यानं कंट्री संगीताचं शहर नॅशव्हिल, तिथे सिक्स्टीन्थ ॲव्हेन्यू साउथ ह्या रस्त्यावर एक घर घेऊन तिथे स्टुडिओ काढला होता आणि घराला लागून लष्कराच्या जुन्या सामानातली पत्र्याची शेड उभी केली होती, अर्धं पिंप आडवं पालथं घातल्यासारखी दिसते ती. तिकडे असल्या शेडला क्वान्सेट हट म्हणतात, स्टुडिओलाही तेच नाव पडलं. त्या पत्र्याखाली अमेरिकेतली किती गाणी झाली असतील ह्याला गणती नाही.

तेव्हा रॉक अँड रोलनं कंट्रीचा बाजार पार बसवला होता. त्यावर ब्रॅडलीनं आणि आरसीए ह्या रेकॉर्ड कंपनीच्या चेट ॲटकिन्सनं जो उपाय काढला तो म्हणजे नॅशव्हिल साउंड, फिडलची, म्हणजे गावाकडच्या ढंगानं वाजवलेल्या व्हायोलिनची, किरकिर कमी, पियानो पुढे, मागे मऊ कोरस, जमलं तर व्हायोलिनचा ताफा. पॅट्सीला हे सुरुवातीला पसंत नव्हतं. तिला दणदणीत, ठेक्याची, यॉडलिंगची, म्हणजे आवाज खालून वर झटकन उडवत गायची, गाणी हवी असायची, संथ गाणी आणि मागचा कोरस ह्यावरून तिची आणि ब्रॅडलीची खटकायची. पण ‘आय फॉल टू पीसेस’ हे असंच संथ दुःखी गाणं तिनं नोव्हेंबर १९६० मध्ये गायलं, ते हळूहळू चढत चढत ऑगस्ट १९६१ मध्ये कंट्री चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, पहिलं आलं आणि पॉपमध्ये बाराव्या नंबरपर्यंत गेलं.

गाणं असं वर चढत असतानाच १४ जून १९६१ ला नॅशव्हिलमध्ये समोरासमोर धडक झाली. पॅट्सी गाडीच्या पुढच्या काचेवर आदळली. कपाळ फाटलं, मनगट मोडलं, खुबा निखळला, बरगड्यांना मार बसला. जवळपास महिनाभर हॉस्पिटल. त्याच दिवसांत लोरेटा लिन नावाच्या, तेव्हा अगदी नव्या मुलीनं रेडिओवर पॅट्सीचंच गाणं तिच्यासाठी म्हणून गायलं, पॅट्सीनं ते हॉस्पिटलात ऐकलं आणि माणूस पाठवून तिला बोलावून घेतलं, तिथून दोघींची जन्माची मैत्री झाली. ह्या प्रकरणाशी त्याचा थेट संबंध नाही, पण पॅट्सी कशी होती हे कळतं म्हणून सांगितलं.

अडचण पहिली: गाणं तिला आवडलंच नाही

गाणं लिहिलं होतं विली नेल्सननं. हा टेक्सासचा, १९६० मध्ये नॅशव्हिलला आला, एका म्युझिक पब्लिशरकडे आठवड्याला ५० डॉलरवर गाणी लिहीत होता. ‘क्रेझी’ तोवर एका गायकाला ऐकवून झालं होतं, त्यानं घेतलं नाही. नॅशव्हिलच्या रायमन ऑडिटोरियम ह्या नाट्यगृहाच्या मागच्या बोळात टूट्सीज नावाचा एक बार आहे, सगळे गीतकार-वाजवणारे तिथे पडीक असायचे, तिथे पॅट्सीच्या नवऱ्यानं, चार्ली डिकनं, हे गाणं ऐकलं आणि तो विलीला त्याच रात्री घरी घेऊन गेला. विली स्वतः सांगतो की एवढ्या रात्री कुणाच्या घरात कसं शिरायचं म्हणून तो गाडीतच बसून राहिला आणि पॅट्सीनं बाहेर येऊन त्याला आत नेलं.

पण डेमो, म्हणजे विलीनं नमुना म्हणून स्वतः गाऊन ठेवलेलं गाणं, ऐकून ती खूश नव्हती. का नव्हती हे समजून घेण्यासारखं आहे. विली गातो ते धड गाणंही नाही आणि धड बोलणंही नाही, ओळ ठेक्याच्या मागे रेंगाळते, कधी आधीच सुटते, समेवर सगळे पोचले तरी हा अजून वाटेत असतो आणि मग कुठूनतरी गुपचूप येऊन मिसळतो. त्याच्या तोंडात ते शोभतं. पण ज्या बाईची ताकदच मोकळ्या आवाजात आणि लांब धरलेल्या सुरात आहे तिला ते ऐकून वाटणारच की हे असं मला जमणार नाही. त्यात चालही सोपी नव्हती. कंट्रीतली पुष्कळ गाणी तीन कॉर्डवर भागतात, ह्यात कॉर्ड बरेच जास्त, बांधणी जुन्या ब्रॉडवेच्या गाण्यांसारखी ३२ बारची (बार म्हणजे आवर्तनासारखा ठेक्याचा एक गट), मध्ये एक भाग वेगळा येऊन परत मूळ चालीवर जायचं.

इथे ब्रॅडलीनं जे केलं तो माझ्या मते ह्या प्रकरणातला पहिला मोठा निर्णय. डेमोसारखं गायचा हट्ट सोडून दे, तुझ्या पद्धतीनं गा, असा त्याचा रोख होता. शब्द तेच, चाल तीच, पण ओळ कुठे टेकवायची ते तिचं तिनं ठरवायचं. आपल्याकडे संगीतकारानं स्वतःच्या आवाजात चाल म्हणून पाठवलेली असते आणि गायक त्यातली खाकरण्याची जागासुद्धा पाठ करून येतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की मला ह्या निर्णयाचं मोल फार वाटतं.

अडचण दुसरी: बरगड्या

२१ ऑगस्ट १९६१, सोमवार. अपघाताला दहा आठवडेही झाले नव्हते. पॅट्सी कुबड्यांवर आली. स्टुडिओत नॅशव्हिलची ए-टीम म्हणतात ती, स्टुडिओत वाजवणाऱ्यांतली निवडक मंडळी हजर. पियानोवर फ्लॉइड क्रेमर, उभ्या बासवर बॉब मूर, ड्रम्सवर बडी हार्मन, गिटारवर ग्रेडी मार्टिन, सहा तारांच्या इलेक्ट्रिक बासवर हॅरल्ड ब्रॅडली, आणि कोरसला जॉर्डनेअर्स, एल्व्हिसच्या मागे गाणारे तेच चौघे.

तेव्हाचं एक सेशन म्हणजे तीन तास आणि त्या तीन तासांत साधारण चार गाणी उरकायची, असा नॅशव्हिलचा हिशोब होता. त्या दिवशी एकट्या ‘क्रेझी’ला चार तास लागले आणि चार तासांनीही पॅट्सीचा आवाज टेपवर हवा तसा आला नव्हता. वरचे सूर गाठायला गेली की बरगड्यांत कळ यायची.

हे नेमकं काय होतं ते ज्यानं कधी रियाज केलाय त्याला लगेच कळेल. दमसास म्हणजे नुसती हवा भरून घेणं नव्हे, भरलेली हवा बरगड्या फुललेल्या ठेवून सावकाश सोडायची असते, वरचा सूर लांब धरायचा तर पोट आणि बरगड्या दोन्ही घट्ट कामाला लागतात. आणि जिथे मार लागलाय तिथे शरीर आपोआप आखडतं, आपण कितीही ठरवलं तरी. मग होतं काय की श्वास अर्धाच जातो, सूर चढायच्या आधीच गळा आवळतो, सूर लागला तरी पातळ लागतो, आणि गाणाऱ्याचं सगळं लक्ष पुढच्या कळीकडे असतं, शब्दांकडे उरतच नाही. गाण्यातली बाई म्हणतेय की मी वेडी होते तुझ्यावर प्रेम करायला, आणि गाणारी विचार करतेय की आता तो वरचा सूर येतोय. सगळ्यात वाईट म्हणजे हे ऐकणाऱ्याला दुःख म्हणून पोचत नाही, धास्ती म्हणून पोचतं.

समोर कुठले रस्ते होते

असं झालं की कुठल्याही स्टुडिओत चार-पाच रस्ते दिसतात, ते एकेक घेऊन बघू. त्या खोलीत कोण काय बोललं ह्याचा हा वृत्तांत नाही, त्या जागी बसलेल्या माणसाला काय काय सुचू शकतं ते मी मांडतोय.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे पट्टी उतरवणं. आणि नॅशव्हिलमध्ये हे फारच सोपं होतं, कारण तिथली मंडळी कॉर्ड आकड्यात लिहायची, एक, चार, पाच असं. ही पद्धत बसवली ती जॉर्डनेअर्सपैकीच नील मॅथ्यूज ह्यानं. आपल्या सरगमसारखंच आहे ते, सा कुठेही धरा, सरगम बदलत नाही, तसं पट्टी बदलली तरी कागद तोच. म्हणजे दोन मिनिटांत अख्खा बँड खालच्या पट्टीत गेला असता. पण पट्टी खाली घेतली की वरचा सूर सोपा होतो आणि खालचा बसतो, गाण्यातल्या खालच्या ओळी पुटपुटल्यासारख्या होतात, आणि ज्या ताणासाठी चाल तेवढी वर नेलीय तो ताणच जातो. शिवाय दुखणं काही पट्टीनं कमी होत नाही, लांब सूर तर खालीही धरावाच लागतो.

दुसरा रस्ता, रेटायचं. अजून एक टेक, अजून एक, मग चांगले चांगले तुकडे कापून टेप ब्लेडनं जोडायची. हे तेव्हाही करायचे लोक. पण सगळा बँड एकाच खोलीत एकदम वाजत असताना दोन टेकची लय केसाएवढी जरी वेगळी असली तरी जोड कळतो, आणि संथ गाण्यात तर हमखास.

तिसरा, ते गाणं बाजूला ठेवून दुसरं सोपं घ्यायचं. ‘आय फॉल टू पीसेस’ नुकतंच पहिलं आलेलं, त्याच्या पाठोपाठ काहीतरी बाजारात जायला हवं होतं, कंपनीच्या दृष्टीनं पुढची रेकॉर्ड महत्त्वाची, तिच्यात ‘क्रेझी’च पाहिजे असं काही नाही. विली तेव्हा एवढा मोठा नव्हता की त्याच्या गाण्यासाठी कोणी अडून बसावं.

चौथा, सेशनच रद्द, सगळे घरी, महिन्याभरानं परत जमू. ह्यात पैसे जातात ते जातातच, पण जे वाजवून झालंय तेही जातं.

आणि पाचवा, जो निवडला. बँडचं वाजवणं पक्कं करून टेपवर ठेवायचं, गायिकेला घरी पाठवायचं, आणि बरं वाटल्यावर तिनं एकटीनं येऊन त्यावर आवाज भरायचा.

आज हे वाचून कोणी म्हणेल ह्यात काय मोठं, आपण रोज हेच करतो, ट्रॅक करून गायकाला मोबाइलवर पाठवतो. पण १९६१ मध्ये गाणं म्हणजे गाणारा आणि वाजवणारे एका वेळी एका खोलीत, हीच रीत होती, मुंबईत पण तशीच होती. ब्रॅडलीकडे तीन ट्रॅकचं टेप मशीन होतं म्हणून आवाजाला वेगळी जागा ठेवता आली, पण मशीन असणं वेगळं आणि चार तास घालवून, बँडचे पैसे मोजून, हातात बिनआवाजाची टेप घेऊन शांतपणे आज थांबू या म्हणणं वेगळं.

काय केलं

बँडनं गाणं वाजवून पुरं केलं. ते आज ऐकलं तरी मला थक्क व्हायला होतं, कारण कुणीच काहीच जास्त वाजवत नाही. बडी हार्मनचे ड्रम्स नुसते श्वासासारखे. बॉब मूर आणि हॅरल्डचा बास एकमेकांना धरून चालतात. आणि फ्लॉइड क्रेमर पॅट्सीच्या दोन ओळींच्या मधे पियानोवर जे करतो ते हेडफोन लावून नुसतं त्याच्यासाठी म्हणून एकदा ऐका. सुरावर थेट न जाता शेजारच्या सुरावरून घसरत येतो तो, तिकडे त्याला स्लिप नोट म्हणतात, आपल्या कानाला तो सरळ कणस्वर वाटतो. पियानोवर मींड येत नाही असं आपण म्हणतो, ह्या माणसानं तिच्याजवळ जाणारी वाट शोधली होती.

आता एक शंका येते. गाणारी नसताना वाजवलेल्या ट्रॅकमध्ये एवढा जिवंतपणा कसा आला, एरवी नुसता ट्रॅक वाजवला की तो सपाट होतो, कुठे जागा सोडायची कळत नाही. माझं मत असं आहे की ते फसलेले चार तासच इथे कामी आले. पॅट्सी त्या खोलीत होती, पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती, सूर लागत नव्हता पण ती ओळ कुठे सोडते, कुठे थांबते, कुठल्या शब्दावर रेंगाळते हे सगळ्यांच्या कानात चार तास मुरलं. आपण आज गायकाचा डमी आवाज ट्रॅकवर टाकून वादकांना देतो, त्यांच्याकडे डमी म्हणून साक्षात पॅट्सी क्लाइन होती.

आणि एक तांत्रिक गोष्ट. एकाच खोलीत गाणारी आणि वाजवणारे असले की तिचा आवाज पियानोच्या माईकमध्ये शिरतो, ड्रम्सच्या माईकमध्ये शिरतो. असा शिरलेला आवाज टेपवर राहिला आणि नंतर त्यावर नवीन आवाज भरला तर मागे एक भूत गात राहतं. त्यामुळे आवाज नंतर भरायचा हे एकदा ठरलं की ट्रॅक स्वच्छच हवा. अर्धं आज अर्धं उद्या असं चालत नाही. म्हणजे पॅट्सीचे त्या दिवशीचे प्रयत्न, त्यातल्या कदाचित चांगल्या लागलेल्या ओळींसकट, सोडून द्यावे लागणार. हे सोडणं फार जड जातं हो. चार तासांच्या मेहनतीतलं काहीतरी वापरावं असं वाटतंच.

थोड्या दिवसांनी बरगड्या निवल्यावर पॅट्सी परत आली. ह्या वेळी खोली रिकामी, चार लोक पाठीमागे खोळंबलेत असं नाही, घड्याळ नाही. टेप लावली, आणि तिनं गाणं एका टेकमध्ये गायलं. संपलं.

तो आवाज ऐका. पहिला शब्द कसा वरून अलगद उतरतो, मधल्या भागात ती जोर वाढवते पण ओरडत नाही, शेवटाकडे सूर लांब धरते आणि तो धरलेला सूर कुठेही थरथरत नाही, हवा पुरतेय ह्याची तिला खात्री आहे. आणि ती विलीसारखी गात नाहीये, पण विलीचं ते मागे रेंगाळणं पूर्ण गेलेलंही नाही, तिनं ते तिच्या मापाचं करून घेतलंय. पावणेतीन मिनिटांच्या आसपास सगळा मामला.

पुढे काय झालं

१६ ऑक्टोबर १९६१ ला डेकानं सिंगल काढली. कंट्री चार्टवर दुसऱ्या नंबरपर्यंत आणि पॉपमध्ये नवव्या नंबरपर्यंत गेली. कंट्रीत पहिली का नाही आली ह्याला एक साधं कारण दिसतं, त्याच हंगामात लेरॉय व्हॅन डाइकचं ‘वॉक ऑन बाय’ आलं होतं आणि ते एकूण १९ आठवडे पहिल्या जागेवर होतं, तिथे कोणाचंच फारसं चाललं नाही. पॅट्सीसाठी पॉपमधला नववा नंबर जास्त मोठा होता, त्याच्यावर ती कधी गेली नाही. नोव्हेंबर संपता संपता ती न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ग्रँड ओल ऑप्री ह्या नॅशव्हिलच्या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमाच्या चमूबरोबर गायली, आणि पुढच्या वर्षी ‘शीज गॉट यू’ कंट्रीत पहिलं आलं.

विली नेल्सनला गीतकार म्हणून नाव मिळालं, त्याच वर्षी फॅरन यंगनं गायलेलं त्याचं ‘हॅलो वॉल्स’ही जोरात चाललं होतं. गायक म्हणून त्याला लोकांनी डोक्यावर घ्यायला मात्र १९७५ उजाडलं. म्हणजे जे रेंगाळणं पॅट्सीला डेमोत नकोसं वाटलं ते पचायला सगळ्या अमेरिकेलाच चौदा वर्षं लागली.

५ मार्च १९६३ ला विमान अपघातात पॅट्सी गेली. तीस वर्षांची होती. ‘क्रेझी’ गाऊन दीड वर्ष झालं होतं फक्त. १९७३ मध्ये तिला कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, एकटीच्या नावावर तिथे गेलेली ती पहिली बाई, आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत ‘क्रेझी’ घातलं.

वेगळं काय करता आलं असतं

तारीख. हा माझा पहिला आक्षेप. कुबड्यांवर असलेल्या बाईला चार तासांच्या सेशनला उभं करणं घाईचंच होतं. आधीचं गाणं चार्टवर आहे तोवर पुढचं तयार पाहिजे हा दबाव मला कळतो, त्या धंद्यात सहा महिने गप्प बसलं की लोक विसरतात आणि पॅट्सीनं तर तीन वर्षांचा शुकशुकाट भोगला होता, तिलाही उभं राहायची घाई असणार. तरीसुद्धा बँड बोलावण्याच्या दोन दिवस आधी नुसत्या पियानोवर तिच्याकडून वरच्या ओळी म्हणून घेतल्या असत्या तर बरगड्या अजून तयार नाहीत हे दहा मिनिटांत कळलं असतं, आणि ब्रॅडली तर स्वतःच पियानो वाजवणारा. पण मग ते चार तास झाले नसते, आणि ते झाले नसते तर बँडच्या कानात ती मुरली असती का, हेही आहे. मी ह्या दोन्हीत अजून अडकलेलो आहे.

दुसरं, नंतर आवाज भरण्यात एक गोष्ट कायमची जाते. गाणारी अचानक एखादी ओळ वेगळी सोडते आणि पियानोवाला तिला तिथल्या तिथे उत्तर देतो, हे होत नाही, बँडनं जे वाजवलंय ते वाजवलंय. ‘क्रेझी’त ते खटकत नाही कारण वाजवणाऱ्यांनी जागा भरपूर सोडल्यात. पण हा उपाय प्रत्येक गाण्याला लावला की काय होतं ते आपण सध्याच्या गाण्यांत ऐकतोच, गाणारा एका शहरात, तबला दुसऱ्या शहरात, बासरी तिसरीकडे, आणि कुणीच कुणाला ऐकत नाही. ब्रॅडलीनं ते नाइलाज म्हणून केलं, आपण सोय म्हणून करतो.

आता माझं सांगतो, कारण हे प्रकरण मला जिव्हाळ्याचं का आहे ते त्याशिवाय कळणार नाही. काही वर्षांपूर्वी एक ताई आल्या होत्या, सुंदर गळा, नुकत्या तापातून उठलेल्या, खोकला गेलाय म्हणाल्या. तबला, हार्मोनियम, बासरी, सगळे अर्ध्या दिवसासाठी बोलावलेले. अंतऱ्यात तार षड्जावर जाऊन ठहराव होता आणि तिथे त्यांचा श्वास पुरत नव्हता. मी थांबलो नाही. ताई, एकदा अजून घेऊ या, असं करत करत वीसेक टेक घेतले, त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, पाणी पीत राहिल्या आणि गात राहिल्या. शेवटी मी तुकडे जोडून आवाज उभा केला. ऐकणाऱ्या कुणाला कळलं नाही, गाण्याचं कौतुकही झालं, पण अंतऱ्याच्या शेवटी त्यांनी गिळलेला श्वास मला प्रत्येक वेळी ऐकू येतो. वादकांचं वाजवून घ्यायचं आणि ताईंना पुढच्या आठवड्यात बोलवायचं, एवढंच करायचं होतं. ते मला त्या दिवशी सुचलं नाही असं नाही, सुचलं होतं, पण सगळे बसलेत, होऊन जाऊ दे, असं वाटलं.

तेव्हापासून गाणारी व्यक्ती आली की आधी तंबोऱ्याचं ॲप लावतो आणि अंतऱ्यातली सगळ्यात वरची ओळ तेवढी म्हणून घेतो, पूर्ण आवाजात, शेवटचा सूर धरून. तबलजी तोवर बाहेर चहा पीत असतात.